शॅनड एरनमधील विरोधी सदस्य आणि सार्वजनिक सेवांवरील चर्चा

आयर्लंडच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाला शॅनड एरन म्हणतात. आरोग्य, शाळा, घरे, वाहतूक, अपंगांसाठीच्या सोयी अशा सार्वजनिक सेवांचे प्रश्न तिथे विरोधी बाकांवरून सतत मांडले जातात. सरकार पाडण्याचा अधिकार या सभागृहाला नाही आणि खर्चाच्या बाबतीत त्याचे हात बांधलेले आहेत. अशा जागी बसलेला विरोधी सदस्य लोकांच्या पदरात नेमके काय पाडू शकतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे आयरिश सांकेतिक भाषेचा २०१७ चा कायदा.

शॅनडचे सदस्य ६०. त्यांपैकी ११ जणांची नेमणूक टीशॉख, म्हणजे पंतप्रधान, करतात. सहा जागा विद्यापीठीय पदवीधरांच्या आहेत. उरलेले ४३ सदस्य संस्कृती व शिक्षण, शेती, कामगार, उद्योग-व्यापार आणि प्रशासन अशा पाच गटांतून निवडले जातात. या ४३ जागांचे मतदार म्हणजे नवे खासदार, मावळते शॅनड सदस्य आणि देशभरातले ९४९ नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्य. सगळे मिळून बाराशेच्या आत. महाराष्ट्रातल्या वाचकाला विधान परिषदेतले स्थानिक स्वराज्य संस्थांचे आणि पदवीधरांचे मतदारसंघ इथे आठवतील. राज्यसभेवर १२ सदस्य नेमण्याची आपल्या राज्यघटनेतली तरतूदही आयर्लंडवरूनच घेतलेली आहे. मतदार नगरसेवक असल्यामुळे सदस्याकडे येणारी गाऱ्हाणी अगदी गावपातळीवरची असतात: बंद होऊ घातलेले दवाखाने, वर्गखोल्यांसाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या शाळा.

प्रशासन गटाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. १९३७ च्या राज्यघटनेने त्याचे क्षेत्र सार्वजनिक प्रशासन आणि सामाजिक सेवा असे ठरवले असून स्वयंसेवी सामाजिक कार्यही त्यात धरले आहे. सेवांची जाण असलेली माणसे वरिष्ठ सभागृहात यावीत, हा हेतू त्यामागे होता. प्रत्यक्षात या गटांच्या निवडणुका पक्षांनीच व्यापल्या आणि टीशॉखच्या ११ नेमणुकांमुळे सरकारचे बहुमत बहुधा पक्के होते. तज्ज्ञांचे सभागृह ही मूळ कल्पना त्यामुळे झाकोळली, आणि ही खेदाची गोष्ट आहे.

अधिकारांची चौकट अरुंद आहे. अर्थविधेयकावर शॅनडला २१ दिवसांत फक्त शिफारशी करता येतात. त्या मानायच्या की नाही हे डॉइल, म्हणजे कनिष्ठ सभागृह, ठरवते. इतर विधेयके फार तर काही काळ रोखून धरता येतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे डॉइलचा सदस्य मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारून खात्याकडून माहिती काढू शकतो, ती सोय शॅनडच्या सदस्याला नाही.

ही उणीव काही अंशी भरून निघते ती ‘कमेन्समेंट मॅटर्स’मध्ये. दिवसाच्या कामकाजाच्या सुरुवातीलाच मोजके सदस्य एकेक विषय मांडतात आणि त्याला मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. पूर्वी हे काम दिवसाच्या शेवटी, सभागृह उठताना चाले. सदस्याला काही मिनिटे मिळतात. एखाद्या जिल्ह्यात वाचा-उपचारासाठी मुलांना किती थांबावे लागते, जागा भरायला कोण अडवते आहे, हे तो सांगतो. समोर बहुतेक वेळा संबंधित मंत्री नसतात. त्यांच्या वतीने आलेले राज्यमंत्री खात्याने टंकून दिलेला मजकूर वाचून दाखवतात. मग सदस्याला थोडक्यात पुन्हा बोलता येते, आणि खरे काम त्या एका मिनिटात होते: उत्तरात जी तारीख किंवा जो आकडा आलेला नसतो, तो मागितला जातो. उत्तर इतिवृत्तात जाते. ते घेऊन गावातला नगरसेवक किंवा पालकसंघ पुढच्या वेळी त्याच खात्याच्या दारात उभा राहू शकतो.

यानंतरच्या ‘ऑर्डर ऑफ बिझनेस’मध्ये विरोधक आणखी एक हत्यार वापरतात. अमुक मंत्र्यांनी आजच सभागृहात येऊन निवेदन करावे, अशी दुरुस्ती ते कामकाजाच्या क्रमाला सुचवतात आणि वेळ पडल्यास मतदान मागतात. मतदान बहुधा हरतात, पण विषय दिवसभर मागे पडत नाही. विधेयकांवर बोलताना वेगळीच अडचण येते. सरकारी तिजोरीवर भार टाकू शकेल अशी दुरुस्ती नियमबाह्य ठरते, आणि सार्वजनिक सेवेला पैसा तर लागतोच. म्हणून विरोधी सदस्य ‘मंत्र्यांनी बारा महिन्यांत या विषयावर अहवाल सादर करावा’ अशा शब्दांत दुरुस्ती लिहितात. अहवालाच्या रूपाने का होईना, सेवेचा प्रश्न विधेयकात राहतो.

४ ऑक्टोबर २०१३ रोजी शॅनड बरखास्त करावे की नाही यावर सार्वमत झाले. ५१.७ टक्के मतदारांनी बरखास्तीला नकार दिला आणि सभागृह थोडक्यात वाचले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१४ मध्ये, तिथे एका विरोधी सदस्याचे विधेयक पडले. केरी परगण्यातले फियाना फॉल पक्षाचे मार्क डॅली २००७ पासून प्रशासन गटातून निवडून येत होते. आयरिश सांकेतिक भाषेला कायद्याने मान्यता द्यावी, असे त्यांचे विधेयक होते. सरकारी बाकांनी ते नाकारले.

या भाषेची कहाणी समजल्याशिवाय त्या नकाराचे वजन कळत नाही. डब्लिनच्या कॅब्रा भागात १८४६ मध्ये बहिऱ्या मुलींसाठी आणि १८५७ मध्ये मुलांसाठी कॅथलिक शाळा निघाल्या. फ्रेंच सांकेतिक भाषेच्या प्रभावातून तिथे आयरिश खुणांची भाषा घडली. शाळा वेगळ्या असल्यामुळे मुलींच्या आणि मुलांच्या खुणाही वेगळ्या झाल्या. नवरा-बायकोला लग्नानंतर एकमेकांचे शब्द शिकावे लागत. पुढे १९४६ मध्ये मुलींच्या आणि १९५७ मध्ये मुलांच्या शाळेत ओठ वाचून बोलायला शिकवण्याचे धोरण आले आणि खुणा करणे चूक ठरले. मुलांच्या हातांतून त्यांची भाषा काढून घेतली गेली. त्या पिढीची माणसे मोठी होऊन दवाखान्यात किंवा कल्याण कार्यालयात जात, तेव्हा दुभाषा मिळेलच याची शाश्वती नसे. डॉक्टर आईच्या आजाराबद्दल बोलत आणि ते आईला खुणांनी सांगायचे काम तिच्या ऐकू येणाऱ्या लहान मुलावर पडे. कोणत्याही मुलावर टाकू नये असे हे ओझे आहे.

२०१६ च्या निवडणुकीनंतर फिना गेल पक्षाचे अल्पमतातले सरकार आले. फियाना फॉल विरोधी बाकांवरच राहिला, पण त्याच्या सहकार्याशिवाय सरकारला पुढे जाता येत नव्हते. डॅलींनी विधेयक नव्याने मांडले. अपंगत्व विषयाचे राज्यमंत्री फिनियन मॅकग्रा यांची साथ मिळाली आणि कर्णबधिरांच्या संघटनांची अनेक वर्षांची चळवळ पाठीशी होतीच. या वेळी विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले. २४ डिसेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी त्यावर सही केली. तेव्हा टीशॉख होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातले वराड.

कायद्याचा गाभा सेवांचाच आहे. कायद्याने मिळणारा हक्क किंवा सेवा घेण्यासाठी सांकेतिक भाषा वापरणारी व्यक्ती सार्वजनिक संस्थेकडे आली, तर दुभाषा देण्यासाठी वाजवी ते सर्व करणे त्या संस्थेवर बंधनकारक आहे आणि त्याचा खर्च त्या व्यक्तीवर पडत नाही. तिची संमती असेल तर व्हिडिओवरूनही दुभाषा देता येतो. न्यायालयात ही भाषा वापरण्याचा हक्क मिळाला. बहिऱ्या मुलांच्या आईवडिलांना, भावंडांना, आजीआजोबांना ही भाषा शिकवण्याची योजना कायद्यात आली. मला ही तरतूद सगळ्यांत मोलाची वाटते, कारण घरात आजीशी बोलता येणे ही मुलाची पहिली गरज असते.

अशा कायद्यांत डॅलींचा एकट्याचा नाही. कर्करोगतज्ज्ञ जॉन क्राउन यांच्यासह तीन सदस्यांनी आणलेल्या विधेयकातून, मुले सोबत असताना गाडीत धूम्रपान करण्यावर बंदी आली. ती १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सुपरक्विन या दुकानांच्या साखळीचे संस्थापक फर्गल क्विन यांच्या २०१० च्या विधेयकामुळे बांधकामातल्या उपकंत्राटदारांना वेळेवर पैसे मिळण्यासाठी कायदा झाला. क्राउन आणि क्विन हे पक्षशिस्तीबाहेरचे सदस्य होते. डॅली पक्षाचे होते, आणि पक्ष सरकारला हवा असलेल्या काळात त्यांचे विधेयक तडीस गेले, हेही नोंदवायला हवे.

सांकेतिक भाषेचा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला आणखी तीन वर्षे गेली. ती तारीख २३ डिसेंबर २०२०. अडचण दुभाष्यांची होती. कायद्यानुसार काम मान्यताप्राप्त दुभाष्यांनीच करायचे, म्हणून आधी त्यांची नोंदवही तयार करावी लागली, आणि नोंदवहीतली माणसे देशाच्या गरजेला पुरेशी नव्हती. राष्ट्रीय अपंगत्व प्राधिकरणाने घेतलेल्या पहिल्या आढाव्यात, अनेक सार्वजनिक संस्था आपली जबाबदारी पुरती पाळत नसल्याचे दिसून आले. डब्लिनबाहेरच्या बहिऱ्या रुग्णाला भेटीच्या वेळी दुभाषा मिळतो की नाही, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा सभागृहात येतो. आता तो मांडणारा सदस्य कायद्याच्या कलमाचा क्रमांक सांगून उत्तर मागू शकतो.