डिपेंडंट व्हिसावर नोकरी का करता येत नाही? एच-फोरची पार्श्वभूमी

मुलगा न्यू जर्सीत नाहीतर डॅलसला एच-वनवर म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, मुलगी पुण्यात चांगल्या कंपनीत, पत्रिका जमली, घरं पसंत पडली आणि मग कोणीतरी विचारतं की लग्नानंतर तिला तिकडे नोकरी करता येईल ना. ह्याचं उत्तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इतक्यांदा बदललंय की ज्याला त्याला आपापल्या ओळखीतल्यांचं तेवढं माहीत असतं. काकूंची सून म्हणते हो येते की, शेजारच्यांची मुलगी म्हणते अजिबात नाही, आणि दोघीही खरं बोलत असतात. म्हणून हे जरा मुळापासून लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे, की एच-फोरवरची म्हणजे एच-वनवाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला मिळणाऱ्या डिपेंडंट व्हिसावरची नोकरीची बंदी थोड्या दिवसांसाठी येऊन परत जाणाऱ्या माणसाच्या कुटुंबासाठी होती, नंतर तेच थोडे दिवस पंधरा-वीस वर्षांचे झाले आणि बंदीकडे मात्र कोणी वळून बघितलं नाही.

आपल्याकडे परदेशी जाणाऱ्या जोडप्यांची गोष्ट निघाली की मला आधी आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली त्या कलकत्त्याहून एकट्याच निघाल्या आणि गोपाळराव मागाहून गेले, मार्च १८८६ मधे फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली तेव्हा ते तिथे हजर होते. म्हणजे आपल्यातल्या सगळ्यात गाजलेल्या अमेरिकावारीत मागून जाणारा जोडीदार नवरा होता! त्या काळी व्हिसाची ही सगळी भानगडच नव्हती. ती पुढे आली आणि चांगलीच आली, १९१७ च्या कायद्याने आशियातल्या बहुतेक लोकांना दारच बंद केलं. त्याच्या आधी कॅलिफोर्नियात शेती करायला गेलेल्या पंजाबी लोकांना गावाकडून बायको आणता येईना, त्यातल्या कित्येकांनी तिथल्या मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. १९४६ मधे भारताला वर्षाला १०० माणसांचा कोटा मिळाला, शंभर!

खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. तेव्हा देशावर ठरणारे जुने कोटे गेले आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर जायला लागले. ह्या पिढीबद्दल एक गोष्ट लोक विसरतात, की ह्यातले खूप जण थेट ग्रीन कार्डवर गेले नाहीतर शिकायला जाऊन थोड्याच वर्षांत ग्रीन कार्डवाले झाले. बायकोही ग्रीन कार्ड घेऊनच विमानातून उतरायची, दुसऱ्या दिवशी नोकरीला लागली तरी कोणी अडवणारं नव्हतं. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं, हे सगळं ह्याच पिढीने उभं केलं. त्यांच्या बायका बँकेत, हॉस्पिटलात, शाळेत कामं करत होत्या. त्यामुळे त्या पिढीतली एखादी मावशी जेव्हा "आम्ही नाही का केल्या नोकऱ्या, हल्लीच्या मुलींना घरी बसायला आवडतं" असं म्हणते तेव्हा वाईट वाटतं, कारण तिच्या हातात जो कागद होता तो हल्लीच्या मुलीच्या हातात नाहीये.

आता एच-फोर. एच-वन हा प्रकार १९५२ च्या कायद्यातला, तात्पुरतं काम करायला येणाऱ्या विशेष योग्यतेच्या माणसांसाठी. त्यात १९७० साली एक छोटी दुरुस्ती झाली, तिची आठवण फारसं कोणी काढत नाही पण आजचं सगळं तिथून सुरू होतं. एकतर एच-वनवाल्याने जी जागा भरायची ती जागा स्वतः कायमची असली तरी चालेल असं ठरलं, दुसरं म्हणजे कंपनीच्या एका देशातल्या ऑफिसातून अमेरिकेतल्या ऑफिसात बदली होऊन येणाऱ्यांसाठी एल व्हिसा निघाला, आणि तिसरं, दोन्हीकडे बायको किंवा नवरा आणि लहान मुलं ह्यांना बरोबर यायची सोय झाली. तेच एच-फोर आणि एल-टू. त्यांनी नोकरी करावी की नाही ह्याबद्दल कायद्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, बंदी आली ती इमिग्रेशन खात्याच्या नियमांमधून. हे लक्षात ठेवा, पुढे कोर्टात सगळी भांडाभांडी ह्याच मुद्द्यावर झाली.

१९९० च्या कायद्याने आज आपण ओळखतो तो एच-वन-बी बनवला. वर्षाला ६५,००० ची मर्यादा, आधी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट, एच-वनवर असताना ग्रीन कार्डसाठी अर्ज करायला आडकाठी राहिली नाही. म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर या आणि इथेच राहायची तयारी करा, हे अधिकृत झालं. पण त्याच कायद्यात नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला त्यातली मोटामोटी सात टक्केच असंही ठरलं, आणि बायकामुलंही त्याच आकड्यात मोजायची. हिशोब करून बघा, भारताला साधारण ९,८०० येतात, आणि एका कुटुंबात तीन-चार माणसं. सुरुवातीला हे कोणाला टोचलं नाही कारण जाणारे कमी होते.

मग वायटूकेचं म्हणजे २००० साल उजाडताना कॉम्प्युटर बिघडू नयेत म्हणून करायचं काम आलं, डॉटकॉम आलं, मुंबईच्या सीप्झमधून आणि पुढे हिंजवडीतून पोरं विमानं भरून जायला लागली. मर्यादा आधी १,१५,००० आणि २००१ ते २००३ ह्या तीन वर्षांसाठी १,९५,००० केली. देशाची सात टक्क्यांची अट मात्र होती तिथेच. पुढून माणसं भरभरून आत घेतायत आणि मागचं दार बोटभरच उघडं, मग ग्रीन कार्डसाठी रांग लागणारच. रांगेतल्यांची सहा वर्षं संपून ती परत पाठवायला लागू नयेत म्हणून २००० च्या कायद्याने सहा वर्षांनंतरही एच-वन वाढवत राहायची सोय केली. कंपनीला सोयीचं झालं, नवऱ्याला दिलासा मिळाला. बायकोचं काय हे त्या कायद्यात कोणी विचारलं नाही, तिची बंदी नवऱ्याच्या एक्स्टेन्शनबरोबर आपोआप वाढत गेली.

ह्यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट जानेवारी २००२ ची. त्या महिन्यात अमेरिकन संसदेने कायदा करून एल-टूवरच्या जोडीदारांना नोकरीची परवानगी दिली, एच-फोरला नाही. एकाच कंपनीचे दोन इंजिनिअर, एकाला एलवर पाठवलं, दुसऱ्याला एच-वनवर, एकाच कॉम्प्लेक्समधे राहतायत, एकाची बायको सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाते आणि दुसऱ्याची नाही. पाठवताना कुठला व्हिसा करायचा हे ठरवलेलं असतं कंपनीच्या इमिग्रेशन टीमने, बहुतेकदा त्यांना जे सोपं पडेल ते. बायकोला कोणी विचारलेलं नसतं.

नोकरी नाही म्हणजे नेमकं काय काय नाही हे लांबून कळत नाही. काम करायची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो नाही म्हणून गाडीचं लायसन काढायला गेलं की बऱ्याच राज्यांत आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जाऊन ह्या बाईंना नंबर मिळू शकत नाही असं पत्र आणायचं आणि ते लायसनच्या खिडकीवर द्यायचं. लायसनची तारीखही आय-९४ वरच्या, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या नोंदीवरच्या तारखेला बांधलेली. पैसे घेऊन डबे देणं, मुलांच्या शिकवण्या, मेंदी काढणं हेही काम म्हणूनच धरतात. शिकायला परवानगी असते, पण फी भरायला पैसे एकाच पगारातून. मंडळांच्या मराठी शाळांमधे शनिवार-रविवारी फुकट शिकवणाऱ्या कितीतरी जणी ह्याच व्हिसावरच्या, कारण निव्वळ स्वयंसेवक म्हणून केलेलं काम तेवढं चालतं.

२००७ च्या जुलैत एक विलक्षण प्रकार झाला. अमेरिकन परराष्ट्र खातं दर महिन्याला ग्रीन कार्डच्या तारखांचं बुलेटिन काढतं, त्या महिन्याच्या बुलेटिनमधे जवळपास सगळ्याच कॅटेगरी करंट दाखवल्या, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांनी शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरावा. लोकांनी मेडिकल करून घेतली, वकिलांना पैसे दिले, भारतातून धावतपळत परत आले, आणि २ जुलैला खात्याने सांगितलं की आता अर्ज घेणार नाही. ह्यावर आपल्या लोकांनी गांधीगिरी केली, इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना शेकड्यांनी फुलांचे गुच्छ पाठवले. त्यांनी ती फुलं वॉल्टर रीड ह्या लष्करी हॉस्पिटलात जखमी सैनिकांकडे वळवली. पण १७ जुलैला खात्याने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घ्यायचं कबूल केलं. ह्या अर्जाबरोबर नवरा-बायको दोघांनाही ईएडी म्हणजे कामाचं कार्ड मिळतं, त्यामुळे त्या एका महिन्यात हजारो बायकांची सुटका झाली.

माझी मावसबहीण त्याच्या पुढच्या वर्षी न्यू जर्सीतल्या एडिसनला गेली. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, पुण्यात टीम सांभाळत होती. भावोजींच्या मित्राने २००७ मधे अर्ज भरलेला, त्याची बायको ताईच्याच बिल्डिंगमधे, तिचं ईएडी होतं. ताईचं नव्हतं, आणि तारीख पुढे सरकेचना. ताई लायब्ररीत पुस्तकं लावायची, मंडळात हिशोब बघायची, आणि कोणी "काय करतेस" विचारलं की विषय बदलायची. पुढे कार्ड आलं तेव्हा इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच की मधल्या वर्षांत काय केलंत. व्हिसा होता, परवानगी नव्हती, हे समोरच्याला माहीतच नव्हतं!

ज्या कार्डाबद्दल बोलतेय ते एच-फोर ईएडी. ओबामांच्या काळात मे २०१४ मधे प्रस्ताव आला, २४ फेब्रुवारी २०१५ ला नियम जाहीर झाला आणि २६ मे २०१५ पासून अर्ज सुरू. सगळ्या एच-फोरना नाही, ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज मंजूर झालाय किंवा ज्यांचं एच-वन २००० च्या कायद्याखाली सहा वर्षांच्या पुढे वाढलंय त्यांनाच. आता काकूंच्या सुनेचं आणि शेजारच्या मुलीचं उत्तर वेगळं का येतं ते कळेल, एकीच्या नवऱ्याचा आय-१४० झालेला असतो, दुसरीच्या नवऱ्याच्या कंपनीने अजून प्रोसेस सुरूच केलेली नसते. २०१७ संपेपर्यंत जवळजवळ ९१,००० जणांना पहिल्यांदा हे कार्ड मिळालं, त्यात ९३ टक्के भारतातले आणि ९३ टक्के बायका.

नियम लागू व्हायच्या आधीच एप्रिल २०१५ मधे सेव्ह जॉब्स यूएसए नावाचा गट कोर्टात गेला. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन ह्या वीज कंपनीत आयटीत काम करून एच-वनवाल्यांमुळे नोकऱ्या गेल्या असं म्हणणारे लोक ते, आणि त्यांचं दुःख खोटं नव्हतं हेही मान्य करायला हवं. त्यांचा मुद्दा असा, की संसदेने एल-टूसाठी कायदा केला, एच-फोरसाठी नाही, मग खात्याला हा अधिकार कुठून आला. हा खटला दहा वर्षं चालला. मधे ट्रम्प सरकारने डिसेंबर २०१७ मधे नियम रद्द करायचा इरादा जाहीर केला, तो प्रस्ताव तसाच लोंबकळत राहिला आणि जानेवारी २०२१ मधे बायडन सरकारने मागे घेतला. पण ती तीन वर्षं ज्यांनी काढली त्यांना विचारा, घर घ्यावं की नाही, कंपनी बदलावी की नाही, सगळंच टांगणीला. शिवाय मार्च २०१९ पासून एच-फोरवाल्यांना दर वेळी बोटांचे ठसे द्यायला लावले, त्यात कोविड, कार्डं वेळेवर येईनात आणि चांगल्या चाललेल्या नोकऱ्या सोडायला लागल्या. ते ठसे मे २०२१ मधे थांबवले. नोव्हेंबर २०२१ मधे एका खटल्यात तडजोड झाली, एल-टूवाल्यांना तर वेगळं कार्डच लागेनासं झालं, आणि एच-फोरवाल्यांना रिन्यूअल अडकलं तरी आय-९४ असेपर्यंत काही काळ काम चालू ठेवता यायला लागलं.

व्हिसा नवऱ्याला बांधलेला असण्याची दुसरी बाजू पैशाच्या पलीकडची आहे. घटस्फोट झाला की एच-फोर संपतो. छळ होणाऱ्या जोडीदारांना काम करता यावं अशी तरतूद २००५ च्या कायद्यात झाली, पण प्रत्यक्ष अर्ज घ्यायला सुरुवात व्हायला २०१७ उजाडलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथला श्रीनिवास कुचिभोटला ह्यांचा द्वेषातून खून झाला आणि नवरा गेला त्याच क्षणी त्यांच्या पत्नीचा तिथे राहायचा हक्कही गेला, अंत्यसंस्काराला भारतात आल्यावर परत जायची सोय स्थानिक लोकप्रतिनिधींच्या मदतीने करावी लागली. मुलांचंही तेच, एच-फोरवर लहानाचं मोठं झालेलं मूल २१ वर्षांचं झालं की डिपेंडंट राहत नाही.

आत्ताचं सांगायचं तर ऑगस्ट २०२४ मधे अपील कोर्टाने नियम वैध ठरवला आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तो खटला ऐकायला नकार दिला, म्हणजे एच-फोर ईएडी टिकलं. पण तो अजूनही खात्याचाच नियम आहे, संसदेचा कायदा नाही. ग्रीन कार्डच्या बुलेटिनमधल्या भारतीयांच्या तारखा २०२५ मधेही २०१३ च्या आसपासच होत्या, म्हणजे तेव्हा रांगेत लागलेल्यांची पाळी चालू होती. आणि त्याच ऑक्टोबरच्या ३० तारखेपासून रिन्यूअलला मिळणारी आपोआप मुदतवाढ, जी जास्तीत जास्त ५४० दिवसांपर्यंत होती, ती नव्या अर्जांसाठी बंद केली. आता कार्ड संपायच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, पण एच-फोरचं एक्स्टेन्शन नवऱ्याच्या एच-वनच्या एक्स्टेन्शनवर अवलंबून आणि तेही सहा महिन्यांपेक्षा आधी भरता येत नाही, म्हणून वकील एच-वन, एच-फोर आणि कार्ड असे तिन्ही अर्ज एकदमच पाठवा म्हणतात. त्या सहा महिन्यांत तिन्ही पास झाले तर तिची नोकरी चालू राहते, नाही झाले तर नवं कार्ड येईपर्यंत कंपनीला तिला कामावर ठेवता येत नाही.