डोळ्याच्या पडद्यावरचा ‘रक्तप्रवाह’: नेमके मोजतात काय?

मधुमेही माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) फोटो काढला आणि त्यात एकही लाल ठिपका नसला, तर ‘रेटिनोपथी नाही’, म्हणजे मधुमेहामुळे होणारा पडद्याचा आजार नाही, असे लिहून देतात. तो ठिपका म्हणजे केशवाहिनीच्या भिंतीला आलेला बारीक फुगवटा, मायक्रोॲन्युरिझम. ‘रेटिनोपथी नाही’ या पायरीचे मूळ १९६८ साली अमेरिकेतल्या एका परिषदेत ठरलेल्या वर्गीकरणात आहे. या आजारावरच्या लेसर उपचाराच्या मोठ्या चाचण्यांसाठी पुढे तेच सुधारून वापरले गेले. लेसर कधी करायचा, या प्रश्नासाठी ते चोख होते. आजाराची सुरुवात ओळखायला मात्र ते अपुरेच होते, कारण केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मधुमेहात नाहीशा होतात, हे मृतांच्या पडद्यांवरून १९६०च्या सुमारासच दिसले होते.

ठिपक्याच्या आधी रक्ताची चाल बदलते का, याचा शोध तेव्हापासूनचा. १९६१ साली दंडाच्या शिरेतून फ्लोरेसीन हे चमकणारे रंगद्रव्य टोचून पडद्याचे फोटो घेण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. सत्तरच्या दशकात लेसर डॉप्लर, म्हणजे सरकत्या रक्तपेशींवरून परतलेल्या लेसरच्या प्रकाशातला बदल मोजणारे तंत्र, आले.

गोंधळ सुरू होतो तो ‘प्रवाह’ या शब्दापाशी. डॉप्लर रक्तपेशींचा वेग सांगतो. मिनिटाला किती रक्त गेले हे काढायचे तर वाहिनीची रुंदीही लागते, आणि रुंदी मोजताना झालेली थोडी चूक उत्तरात वाढून येते, कारण छेदाचे क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाप्रमाणे बदलते. रेटिनोपथी न दिसणाऱ्या मधुमेहींत प्रवाह कमी होतो असे काहींना आढळले, तर वाढतो असे इतरांना. त्या वेळची साखर, रक्तदाब, मधुमेहाची वर्षे आणि मोजण्याची रीत, सगळ्यांनीच आकडे हलतात. तरीही दोन्ही गटांनी शब्द एकच वापरला.

२०१४-१५पासून दवाखान्यांत आलेल्या ओसीटी अँजिओग्राफीने (प्रकाशाने स्कॅन करून पडद्याच्या रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या तपासणीने) हा गुंता वाढवला, असे माझे मत आहे. सुई नाही, रंगद्रव्य नाही, काही सेकंदांत केशवाहिन्यांचे जाळे समोर येते. पाहून मन हरखते. पण हे यंत्र एकाच जागेचे काही मिलिसेकंदांच्या अंतराने स्कॅन घेते आणि त्यांत फरक पडला की ‘इथे हालचाल आहे’ एवढेच नोंदवते. रक्त फारच हळू सरकत असेल, तर चालू केशवाहिनीही काळी दिसते. म्हणजे काळा भाग बंद पडलेला असेल किंवा मंदावलेला. रुग्णासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण मंदावलेले कदाचित सावरेल. अहवालात मात्र दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांची ‘घनता’ छापून येते, तिलाच प्रवाह म्हटले जाते, आणि दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

मला अधिक भरवशाचा वाटतो तो लुकलुकत्या प्रकाशाचा प्रयोग. असा प्रकाश पडला की निरोगी डोळ्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. मधुमेहात, फोटो स्वच्छ असतानाही, हा प्रतिसाद मंद झाल्याचे या शतकाच्या पहिल्या दशकापासून नोंदले गेले आहे. चेतापेशी आणि रक्तवाहिन्या यांचा मेळ तिथे बिघडतो. म्हणूनच रेटिनोपथीला निव्वळ रक्तवाहिन्यांचा आजार म्हणणे आता मागे पडत आहे.

तपासणी शिबिरांत अजूनही रंगीत फोटोच चालतो. तो स्वस्त आहे आणि त्याने असंख्य लोकांची दृष्टी वाचवली आहे. एप्रिल २०१८मध्ये अमेरिकेत, डॉक्टरने न वाचता स्वतःच निर्णय देणाऱ्या संगणक प्रणालीला परवानगी मिळाली. तीही रंगीत फोटोच पाहते आणि सौम्यहून पुढची रेटिनोपथी शोधते.