किशोरवयातील झोप

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना चांगल्या आरोग्यासाठी चोवीस तासांत नियमितपणे 8 ते 10 तास झोप लागते. हे प्रमाण अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने 2016 मध्ये सुचवले. मूल मोठे झाले की त्याचे कमी झोपेवर भागते, ही घराघरांतील समजूत चुकीची आहे. झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्काडॉन यांनी 1976 पासून स्टॅनफर्ड विद्यापीठातील उन्हाळी शिबिरांत मुलांची झोप मोजली, तेव्हा पुरेसा वेळ मिळाल्यास वयात आलेली मुलेही नऊ तासांहून अधिक झोपतात आणि तरीही त्यांना दिवसा लहान मुलांपेक्षा जास्त पेंग येते, असे दिसून आले.

वयात येताना झोपेची गरज फारशी घटत नाही, पण तिची वेळ पुढे सरकते. मेलॅटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचा संकेत देणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढही सावकाश वाढते, आणि त्यात मोबाइलचा उजेड व संध्याकाळच्या चहा-कॉफीची भर पडली की मध्यरात्रीपूर्वी डोळा लागणे अवघड होते. अशा मुलाला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

अपुऱ्या झोपेमुळे एकाग्रता आणि स्मरणशक्ती मंदावते, चिडचिड वाढते. लठ्ठपणा, नैराश्य, अपघात आणि स्वतःला इजा करून घेण्याचे विचार यांच्याशीही अपुऱ्या झोपेचा संबंध आढळला आहे. दहावी-बारावीच्या वर्षात जागरण करून केलेला अभ्यास म्हणूनच महागात पडतो, कारण वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे बरेच काम झोपेतच चालते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवू नयेत, अशी शिफारस केली. सिएटल शहराने 2016 मध्ये शाळेची वेळ 7.50 वरून 8.45 वर नेली, तेव्हा विद्यार्थ्यांची रोजची झोप सुमारे 34 मिनिटांनी वाढली. मुले आणखी उशिरा झोपतील ही शंका तिथे खरी ठरली नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये सकाळी नऊपूर्वी वर्ग न भरवण्याचा निर्णय घेतला, परंतु तो पूर्वप्राथमिक ते चौथीपुरताच आहे. ज्या वयात झोपेचे घड्याळ सर्वांत मागे पडते, ती मुले त्यातून वगळली गेली.

सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपल्याने थकवा थोडा भरून निघतो, मात्र त्यामुळे सोमवारी लवकर उठणे अधिक जड जाते. पुरेसे तास झोपूनही दिवसा सतत पेंग येत असेल किंवा मूल रोज मोठ्याने घोरत असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.