डिजिटल सही आणि संगणकाचा भरवसा

संगणकात नवा प्रोग्रॅम चढवताना ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्यावरची डिजिटल सही तपासते. सही जुळली की त्याला आपला माणूस समजते. खरं तर सहीवरून दोनच गोष्टी कळतात : फाइलवर अमुक किल्लीने, म्हणजे सही करणाऱ्याने स्वतःजवळ गुप्त ठेवायच्या आकड्याने, सही झाली आहे, आणि सही झालेल्या भागात नंतर बदल झालेला नाही. किल्ली त्या वेळी कोणाच्या हातात होती आणि आतला माल कसा आहे, हे सहीवरून कळत नाही.

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या डीटीपीच्या दुकानांत हा गोंधळ जवळून दिसतो. एकाच यंत्रावर मराठी लग्नपत्रिका आणि कन्नड अर्ज तयार होतात, त्यामुळे दोन्ही लिप्यांची कीबोर्ड-साधनं आणि प्रिंटरचे ड्रायव्हर (यंत्राला संगणकाशी जोडणारे प्रोग्रॅम) सारखे चढवावे लागतात. विंडोज परवानगी मागते तेव्हा सही असलेल्या प्रोग्रॅमच्या चौकटीवर निळी पट्टी येते, नसलेल्यावर पिवळी. "अण्णा, निळं आलंय," पोरगं आतून विचारतं. "मग दाब की!" पण सहीचं प्रमाणपत्र, म्हणजे ही किल्ली अमक्याची आहे असा दाखला, पैसे मोजून, ठरावीक मुदतीसाठी घ्यावं लागतं. घरी बसून मराठी कीबोर्ड लिहून फुकट वाटणाऱ्याला ते परवडत नाही, म्हणून त्याच्या कामावर पिवळी पट्टी येते आणि चोरलेल्या किल्लीला निळी मिळते. या पद्धतीतला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

किल्ल्या चोरीला जातात हे 2010 मध्ये जगाने पाहिलं. इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रं बिघडवणाऱ्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरवर रिअलटेक या तैवानी कंपनीची खरी सही होती. ते प्रमाणपत्र रद्द झालं, तोच जेमायक्रॉन या दुसऱ्या तैवानी कंपनीच्या सहीचा ड्रायव्हर सापडला. 2012 मध्ये सापडलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या प्रोग्रॅमला तर किल्ली चोरावीही लागली नाही. सही करण्याआधी मजकुराचा छोटा ठसा काढण्याच्या एमडी5 या जुन्या पद्धतीतली खोट वापरून त्याच्या कर्त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या नावाचं प्रमाणपत्रच बनवलं.

सगळ्यात विचार करायला लावणारी उणीव मात्र फाइलच्या रचनेतच आहे. विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये सही फाइलच्या शेवटी ठेवलेली असते, आणि सहीचा हा कप्पा स्वतः सहीच्या हिशेबात धरला जात नाही; सही स्वतःवरच कशी होणार? पोत्याचं तोंड सीलबंद, पण सीलच्या बाहेर लोंबणाऱ्या दोरीला कोणी काहीही बांधावं, तसं या कप्प्यात जादा मजकूर घुसवता येतो आणि सही तरीही वैध दिसते. मायक्रोसॉफ्टने 2013 च्या डिसेंबरात कडक तपासणी दिली, पण ती आपणहून चालू करावी लागते, कारण काही जुने इन्स्टॉलर याच जागेत माहिती ठेवत. 2023 मध्ये 3सीएक्स या फोन-सॉफ्टवेअरवरच्या हल्ल्यात हीच फट वापरली गेली : मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या फाइलच्या शेपटीला सांकेतिक रूपातला घातक कोड जोडलेला होता.

जुन्या, सदोष पण खऱ्या सहीच्या ड्रायव्हरांचा प्रश्न वेगळा. हल्लेखोर तो ड्रायव्हर स्वतःच सोबत आणतात आणि त्याच्या चुकीतून ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात शिरतात. अशा ड्रायव्हरांची यादी करून ते अडवणं एवढंच हाती राहतं.

2023 च्या जूनपासून कोडवरच्या सहीची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या (पेनड्राइव्हसारखं दिसणारं, किल्ली आतच ठेवणारं) उपकरणातच ठेवावी लागते. डिजिटल सहीने ऑनलाइन टेंडर भरणाऱ्या ठेकेदारांना असं टोकन ओळखीचं आहे. पण ते अनेकदा हिशेबनिसाच्या ड्रॉवरमध्ये असतं, आणि त्याला रबराने बांधलेल्या चिठ्ठीवर पिन लिहिलेला असतो.