वैयक्तिक ताण आणि शैक्षणिक संपादणूक
आर्थिक ओढाताण, घरातील आजारपण वा मृत्यू, नातेसंबंधांतील बिघाड अशा खाजगी कारणांनी आलेल्या ताणाचा महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या अभ्यासावर व गुणांवर होणारा परिणाम. शिक्षण-मानसशास्त्रात हा विषय बराच काळ परीक्षाचिंतेच्या अंगानेच हाताळला गेला.

मध्यम ताण अभ्यासाला पोषक आणि अतिताण मारक, हे मत रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांच्या १९०८ मधील प्रयोगांशी जोडले जाते. ते प्रयोग उंदरांवरचे होते. कमी-अधिक उजेडाच्या दालनांतून योग्य दालन निवडायचे आणि चुकल्यास विजेचा धक्का, अशी रचना होती. उजेडातील भेद ओळखणे सोपे असताना धक्का तीव्र केल्यास उंदीर लवकर शिकले. भेद अवघड असताना मात्र मध्यम धक्काच उपयोगी ठरला. ताणाचा त्यात उल्लेख नव्हता. ताणाची संकल्पना रूढ करणारे हान्स सेली यांचे ताणविषयक पहिले टिपणही १९३६ चे, म्हणजे या प्रयोगांनंतरचे. उत्तेजनाची पातळी व कार्यक्षमता यांना जोडणारा उलट्या ‘यू’च्या आकाराचा वक्र डोनाल्ड हेब यांनी १९५५ मध्ये मांडला. पाठ्यपुस्तकांतील आजचा ‘नियम’ बहुधा १९५० नंतरच्या अशा मांडणीतून रूढ झाला असावा. तो खाजगी ताणाला लावणे अधिकच शंकास्पद : परीक्षेची धास्ती निदान पुस्तक उघडायला लावते, घरातील मृत्यूचा अभ्यासाशी तसा संबंध नसतो.

लीबर्ट व मॉरिस यांनी १९६७ मध्ये परीक्षाचिंतेचे काळजी आणि भावनिक क्षोभ असे दोन घटक पाडले. छातीतील धडधडीपेक्षा मनात घोळणारी काळजी गुणांना अधिक बाधते, असे नंतरच्या अभ्यासांतही सामान्यतः आढळते. आयझेंक व काल्व्हो (१९९२) यांच्या मते काळजी कार्यकारी स्मृतीची (हातातील कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीची) जागा अडवते. तेच काम होते, पण श्रम वाढतात. खाजगी ताणालाही हे स्पष्टीकरण अधिक जुळते. वाढलेल्या कॉर्टिसॉलमुळे (ताणात स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे) पाठ केलेले ऐनवेळी न आठवणे आणि अपुरी झोप ही आणखी कारणे.

आयुष्यातील घटनांवरून ताण मोजणारी होम्स व राही यांची ४३ घटनांची मापनश्रेणी (१९६७) जोडीदाराचा मृत्यू, निवृत्ती अशा प्रौढांच्या आयुष्यावर बेतलेली असल्याने विद्यार्थ्यांसाठी तिच्यात फेरफार करावे लागतात. कोहेन आणि सहकाऱ्यांची श्रेणी (१९८३) घटना न मोजता जाणवलेला ताण मोजते. ताण व गुण यांचा सहसंबंध बहुधा ऋण (ताण वाढला की गुण घटतात असा), पण बेताचा असतो. शिवाय कमी गुणांमुळेही ताण वाढतो. एकाच वेळच्या पाहणीतून कार्यकारणाची दिशा ठरत नाही.

समुपदेशन व विश्रांतितंत्रांनी चिंता घटते. गुणांतील वाढ तितकी ठळक नसते.