पंचेचाळीस संधींचा हिशेब

माझा भाचा बोस्टनला राहतो. तिथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा कट्टर चाहता. बेसबॉलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा, म्हणजे ट्रेडचा, विषय निघाला की तो एकच नाव घेतो : जेफ बॅगवेल. ३० ऑगस्ट १९९० रोजी रेड सॉक्सने हा २२ वर्षांचा पोरगा ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजला देऊन लॅरी अँडरसन हा ३७ वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेतला. अँडरसनने बोस्टनसाठी झकास मारा केला, पण जेमतेम २२ इनिंग्ज (बेसबॉलच्या एका सामन्यात साधारण नऊ असतात), आणि हंगाम संपताच तो निघून गेला. बॅगवेलने ४४९ होम रन, म्हणजे बहुधा थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके, मारले आणि २०१७ साली तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचला. ‘मामा, एवढं साधं कळलं नाही त्यांना?’ असं भाचा विचारतो.

निकाल हाती आल्यावर सगळंच साधं वाटतं. खरा प्रश्न असा आहे : त्या दिवशी टेबलावर जे आकडे होते, त्यांवर किती विश्वास ठेवायचा? याचं संख्याशास्त्रातलं सगळ्यात सुंदर उत्तर बेसबॉलच्याच आकड्यांवर समजावलं गेलं आहे.

ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या हंगामातले १८ फलंदाज निवडले. प्रत्येकाच्या फलंदाजीच्या पहिल्या ४५ संधी तेवढ्या पाहिल्या. रॉबर्टो क्लेमेंटेला १८ यशस्वी फटके, म्हणजे सरासरी ०.४००. थर्मन मन्सनला फक्त ८, म्हणजे ०.१७८. अठराही जणांची मिळून सरासरी ०.२६५. आता उरलेल्या हंगामात प्रत्येक जण कसा खेळेल ते सांगायचं.

इथे क्षणभर थांबा. समजा अठराही जण अगदी सारख्या कुवतीचे आहेत, प्रत्येकाची खरी सरासरी ०.२६५. तरी ४५ संधींत निव्वळ नशिबाने कोणी वर जाईल, कोणी खाली. या पसाऱ्याचं प्रमाण विचलन गणिताने काढता येतं : (०.२६५ × ०.७३५ ÷ ४५) याचं वर्गमूळ, सुमारे ०.०६६. आणि प्रत्यक्षात दिसलेला पसारा? सुमारे ०.०७०. म्हणजे जो फरक आपण गुणवत्तेचा समजतो, तो जवळजवळ सगळा नशिबानेच निर्माण झाला असता! चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतीने हिशेब केला, तर प्रत्येक खेळाडूचं सरासरीपासूनचं अंतर फक्त २१ टक्के शिल्लक ठेवायचं, बाकीचं पुसून टाकायचं. क्लेमेंटे ०.४०० वरून ०.२९४ वर येतो, मन्सन ०.१७८ वरून ०.२४७ वर चढतो. उरलेल्या हंगामात क्लेमेंटे ०.३४६ ने खेळला, मन्सन ०.३१६ ने. दोघांच्याही बाबतीत असा सरासरीकडे ओढून घेतलेला अंदाज कच्च्या आकड्यापेक्षा खऱ्याच्या जवळ होता. अठरांपैकी सोळांचं तसंच झालं, आणि चुकांच्या वर्गांची बेरीज साडेतीनपट कमी झाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही काढून सगळे आकडे पुन्हा मांडले होते.

संधी वाढल्या की ही ओढ सैल होते. बॅगवेलला १९९० साली न्यू ब्रिटन या मायनर लीगमधल्या, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या पातळीवरच्या, संघाकडून ४८१ संधी मिळाल्या, सरासरी ०.३३३. एवढ्या संधींवर नशिबाचा पसारा ०.०२१ च्या आसपास उरतो, म्हणजे तो आकडा बराच भरवशाचा. मग अडलं कुठे? होम रन फक्त ४. पण मैदान मोठं होतं आणि दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके, म्हणजे डबल्स, ३४ होते. ताकद होती, ती कुंपणापलीकडे जात नव्हती. शिवाय बॅगवेल खेळायचा त्या तिसऱ्या बेसच्या जागेवर बोस्टनकडे आधीच वेड बॉग्ज हा तारा होता. बोस्टनने चूक केलीच, पण ती आंधळी नव्हती. चुरशीत पिचर हवाच होता : त्या वर्षी रेड सॉक्सने आपला विभाग जिंकला तो दोनच सामन्यांच्या फरकाने.

बोस्टनमध्ये असल्या गोष्टींना शापाचं नाव देण्याची पद्धत होती. बेब रूथ या महान खेळाडूला विकलं म्हणून २००४ पर्यंत विजेतेपद मिळालं नाही, असं भलेभले सांगत. शापाला ना संधी मोजता येतात, ना पसारा.

हाच काटा उलट बाजूनेही लावता येतो. २ ऑगस्ट २०२२ रोजी सान डिएगो पॅड्रेस संघाने वॉशिंग्टनच्या संघाकडून हुआन सोटो आणि जॉश बेल घेतले आणि सी. जे. एब्रम्स, मॅकेंझी गोर, रॉबर्ट हॅसल, जेम्स वुड, हार्लिन सुसाना हे तरुण दिले, सोबत ल्यूक व्हॉइटही. सोटो २३ वर्षांचा होता, पण दोन हजारांहून जास्त वेळा फलंदाजीला उभा राहिलेला. त्याच्या आकड्यांना ओढायला फारसं काही उरलंच नव्हतं. वुड १९ वर्षांचा, मायनर लीगच्या खालच्या पायरीवर. अशा मुलाच्या आकड्यांवर सरासरीची ओढ जबरदस्त असते. पण तो यशस्वी झाला, तर पहिली सहा वर्षं संघाच्या ताब्यात राहतो, त्यातली साधारण तीन किमान पगाराच्या आसपास. म्हणून पाच अनिश्चित मुलांची एकत्र किंमत एका निश्चित ताऱ्याइतकी होऊ शकते : पाचांतले दोन चालले तरी पुरे, फक्त कोणते दोन ते कोणालाच ठाऊक नसतं. होतकरूंच्या क्रमवाऱ्या मात्र हे ठाऊक असल्याच्या थाटात छापल्या जातात. त्या उन्हाळ्यात त्यांतल्या काहींत हॅसल वुडच्या बराच वर होता. २०२५ च्या ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या, संघात निवड झाली ती वुडची आणि गोरची.