गंजलेला नट सुटतो कसा

खानापूरपासून कणकुंबी-चोर्ल्यापर्यंत पावसाळाभर गाडीचं पोट कोरडं असं होतच नाही. जांभ्याचा लाल चिखल सायलेन्सरच्या फ्लॅन्जवर (नळ्या जोडणाऱ्या चकतीवर) आणि शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टवर बसतो, ओल धरून ठेवतो. याच गाड्या गोव्याला, कारवारला जाऊन खारी हवाही खाऊन येतात. मीठ विरघळलेलं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंज चढणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया, त्यामुळे तिला वेग येतो. मग पाऊस ओसरल्यावर घरच्या घरी सायलेन्सर उतरवायला बसावं, तर १२ किंवा १३ नंबरचा साधा नट हलायचं नाव घेत नाही.

नट कसताना आपण जेवढी ताकद लावतो, तिच्यातली सुमारे ५० टक्के नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात जाते आणि ४० टक्के आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणला जातो तो उरलेल्या १० टक्क्यांत. हा ताणलेला बोल्ट आट्यांच्या उतारावरून नटाला सतत मागे रेटत असतो. म्हणून धडधाकट नट सोडायला, कसायला लागली त्यापेक्षा थोडी कमीच ताकद पुरते. गंज हे गणित उलटं करतो. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान किमान दुप्पट होतं, पाणी धरून ठेवणाऱ्या गंजाचं तर सहापटीपर्यंत जातं. आट्यांमधली फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतकी. तिच्यात हा फुगलेला गंज ओंडक्यात ठोकलेल्या पाचरीसारखा बसतो.

इथे बहुतेक जण पान्याला जोडायला लांब पाइप शोधायला जातात, आणि बोल्ट तुटतो तो इथेच. ८.८ प्रतीचा (हा मजबुतीचा दर्जा) नवा एम-८, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा, बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, कसतात, आणि ३३ च्या पुढे तो तुटू शकतो. २५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला तर जवळपास ५० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे पाइप न लावताच आपण हद्द ओलांडलेली असते. पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एम-१२ चा बोल्ट एम-८ च्या सुमारे सव्वातीन पट पीळ सोसतो. चाकाच्या नटाला टॉमी (पाना फिरवायचा दांडा) लांब घेतली तर चालतं, सायलेन्सरच्या नटाला नाही. ताकद लावायच्या आधी गंजाची पकड मोडायची, बाकी सगळं त्यानंतर.

पहिलं काम ब्रशचं. बोल्टचे जे आटे नटाच्या बाहेर दिसतात, ते तारेच्या ब्रशने चकचकीत करा. नट सुटला तरी त्याला याच आट्यांवरून बाहेर यायचंय. तिथला गंज आत ओढला गेला की अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतो, आणि तेव्हा बोल्ट हमखास तुटतो. हे पाच मिनिटांचं काम टाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, एवढंच म्हणू.

मग तेल. अरुंद फटीत द्रव आपोआप चढतो, पण तो पातळ हवा आणि त्याचा पृष्ठताण कमी हवा. इंजिन ऑईल जाड, ते वरच बसतं. डब्ल्यूडी-४० जन्मलं ते पाणी हटवण्यासाठी, नावातली अक्षरंही तेच सांगतात. हलक्या गंजाला ते पुरतं. जास्त जाम नटासाठी खास पेनिट्रेटिंग ऑईल घ्यावं, किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समसमान मिसळावं. हे मिश्रण एकजीव राहत नाही, दर वेळी हलवावं लागतं. ॲसिटोन रंग, रबर आणि प्लॅस्टिक खातं, शिवाय झटकन पेट घेतं. संध्याकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा आणि सकाळी पुन्हा तेल सोडा. तेलाला वेळ हवा असतो, घाईत दिलेला अर्धा डबा जमिनीवरच जातो.

पाना सहा कोनी गोटीचा (सॉकेटचा) घ्या. बारा कोनी गोटी कोपऱ्यांपाशी धरते आणि गंजाने झिजलेले कोपरे गोल करते. फिक्स पान्याची धार तर दोनच बाजूंवर, त्याला इथे हातच लावू नये. पाना चढवण्याआधी नटाच्या पाटांवर हातोडीचे आखूड, टणक ठोके द्या, आळीपाळीने सगळ्या बाजूंनी. गंज ठिसूळ असतो, धक्क्याने त्याला भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. मात्र मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा भाग) बिडाचा असेल तर खाली आधार धरल्याशिवाय ठोकू नका. बीड धक्क्याने तडकतं, हे फाउंड्र्यांच्या बेळगावात वेगळं सांगायला नको.

आता नट आधी कसायच्या बाजूला किंचित फिरवून बघा. वेडेपणा वाटेल, पण गंजाचा थर कुठल्याही दिशेने तुटला तरी तुटतोच. एक बारीक ‘टक्’ ऐकू आला की थांबा, तेल द्या, मग सोडायला लागा. पाव फेरा मागे, त्याच्या निम्मा पुढे, पुन्हा तेल. सलग काढत गेलात तर सुटलेली गंजाची भुकटी आट्यांत दाबली जाते आणि नट दुसऱ्यांदा धरतो. नट स्प्रिंगसारखा मऊ वाटायला लागला, म्हणजे पाना आणि नट फिरतायत पण नट आट्यांवरून मागे सरकत नाही, तर बोल्टच पिळला जातोय. तिथेच हात काढा. गाडीखाली उताणे पडलेले असताना दिशेचा गोंधळही नेहमीचा: नटाच्या तोंडाकडून बघत डावीकडे फिरवायचं, आपण कुठे आहोत त्याच्याशी संबंध नाही.

तरी हलला नाही, तर उष्णता. गरम केल्यावर नटाचं भोक लहान होईल, असं पुष्कळांना वाटतं. होत नाही, सगळा नट मोठा होतो आणि भोकही त्याच प्रमाणात मोठं होतं. स्टील दर अंश सेल्सिअसला लांबीच्या १२ दशलक्षांश इतकं प्रसरण पावतं. बोल्टपेक्षा नट १५० अंशांनी जास्त तापला, तर १० मिलिमीटरच्या भोकात सुमारे ०.०१८ मिलिमीटरची वाढ होते. तेवढी गंजाचा थर मोडायला पुष्कळ. म्हणून छोट्या गॅस टॉर्चची ज्योत फक्त नटावर धरा, आणि बोल्टपर्यंत उष्णता पोचायच्या आत पाना लावा. नंतर गरम नटाला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत शिरतं. ॲल्युमिनियमच्या भागात स्टीलचा बोल्ट अडकला असेल तर ॲल्युमिनियम तापवा, ते जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. तापवलेला बोल्ट परत वापरू नका, ८.८ प्रतीला मजबुती देणारी प्रक्रिया सुमारे ४२५ अंशांपुढे बिघडू लागते. नायलॉक नटातलं, म्हणजे ढिला होऊ नये म्हणून आत नायलॉनची कडी असलेल्या नटातलं, नायलॉनही जातं.

ज्योत लावण्याआधी तेल पूर्ण पुसा. पेट्रोलची नळी, ब्रेकचा होज, सीएनजीची लाइन किंवा रबरी बुश जवळ असेल तर टॉर्चचा विचारच सोडा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागी ज्योत नेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. आणि गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर हवी. या कामात आपण गाडीला झटके देत असतो.

कोपरे गोल झालेल्या १३ च्या नटावर अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची गोटी ठोकून बसवता येते. त्यानेही नाही जमलं तर नट छिन्नीने किंवा नट स्प्लिटरने चिरावा, स्वस्तातला नट वाचवण्यात अर्थ नाही. बोल्ट आतच तुटला तर मोडक्या तुकड्यावर दुसरा नट वेल्ड करायचा: पकड मिळते आणि उष्णताही. हे काम उद्यमबागेतल्या एखाद्या वेल्डरकडे न्यावं. घरी ड्रिल तिरकं जातं आणि आटेही जातात.

परत बसवताना सायलेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, पण चाकाच्या नटांना कोरडंच ठेवा. वरचा हिशेब आठवा: घर्षण ९० टक्क्यांवरून ८० वर आलं, तर तेवढ्याच टॉर्कला बोल्टचा ताण १० वरून २० टक्के होतो, म्हणजे दुप्पट. मॅन्युअलमधला आकडा सहसा कोरड्या आट्यांचा असतो. चाकाचे नट टॉर्क पान्याने समोरासमोर आळीपाळीने कसा, आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा.